कांचेच्या टाकींतील नाजूक पिलूं

शेतकी मासिकांत शोभेच्या माशांविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, व कोणी हा रिकामपणाचा उद्योग समजून पानही उलटतील. परंतु अलीकडे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढा या पांचही तालुक्यांत, शहरांतच नव्हे तर खेड्यांतील ओसरीवरही, कांचेच्या टाक्या दिसूं लागल्या आहेत. मुलें हट्ट धरतात, वडील मंडळी बाजारास गेली कीं पिशवींत चार मासे घेऊन येतात, आणि आठवडा लोटतो न लोटतो तों ते मासे एकामागून एक पाण्यावर आडवे तरंगूं लागतात. "जातच नाजूक, तिला कोण काय करणार!" असें म्हणून टाकी माळ्यावर चढते व पुढें तींत कांदे भरले जातात. प्रस्तुत लेखकाच्या घरींही बहुतेक असेंच व्हावयाचें होतें. तें कसें टळलें, तें येथें सांगावयाचें आहे. शेततळ्यांत मत्स्यबीज सोडून ज्यांचे पैसे बुडाले त्यांनाही यांतील कांहीं भाग उपयोगीं पडेल. कारण टाकी सत्तर लिटरांची असो कीं शेततळें वीस लाख लिटरांचें असो, पाण्याचा हिशेब एकच आहे.

ज्या माशाविषयीं लिहावयाचें त्यास बाजारांत 'एंजल' म्हणतात. अंग ताटलीसारखें चपटें, वर व खालीं शिडासारखे लांब पर, आणि रुपेरी रंगावर काळे उभे पट्टे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला. शास्त्रज्ञ ज्या कुळास 'सिक्लिड' म्हणतात त्यांतला हा मासा होय, आणि तें कूळ आम्हांस अगदींच परकें नाहीं. उजनीच्या जलाशयांतून येणारी, आतां घरोघर खाल्ली जाणारी चिलापी याच कुळांतली. ती मूळ आफ्रिकेची असून भारतांत १९५२ सालीं आणली गेली. गोव्याच्या व कोंकणच्या खाड्यांतील काळुंदर, जिला केरळांत करिमीन म्हणतात व जिला त्या राज्यानें २०१० सालीं आपला राज्यमासा ठरविलें, तीही याच कुळांतली, आणि ती तर अस्सल येथलीच. या कुळाचा मोठा गुण असा कीं, त्यांतील मासे पिलांची राखण करतात. चिलापीची मादी अंडीं तोंडांत धरून उबवते. एंजलचें जोडपें रुंद पानावर अंडीं चिकटवून आळीपाळीनें परांचा वारा घालतें, आणि बुरशी आलेलें अंडें तोंडानें वेंचून काढतें. परंतु दुकानांतून आणलेल्या पिलाबरोबर त्याचे आईबाप येत नाहींत. मग ती राखण कोणावर पडते हें सांगणें नलगे.

चिलापी गढूळ पाण्यांत, कमी हवेंत, ऊन-थंडींत तग धरते. एंजलचें पिलूं तसें नाहीं. त्याचा हा नाजूकपणा मला कसा कळला तें ऐका.

गेल्या वर्षीच्या माघ महिन्यांत माझी नात, वय वर्षें सात, आपल्या मामाबरोबर नांदेडास गेली होती. येतांना तिनें पाण्याच्या पिशवींत पांच पिलें आणलीं. एकही पिलूं रुपयाच्या नाण्याहून मोठें नव्हतें, आणि अंग इतकें पातळ कीं दिव्यासमोर आंतला कणा दिसावा. मामानें त्याच दिवशीं दोन फूट लांब, एक फूट रुंद व सवा फूट उंच अशी टाकी घेऊन दिली होती. अडीच घनफूट म्हणजे सुमारें सत्तर लिटर पाणी. संध्याकाळीं टाकी धुतली, विहिरीचें पाणी भरलें, तळाशीं रंगीत खडे पसरले, हवेचा पंप व पाणी तापविण्याची नळी लावली, आणि रात्रीं आठ वाजतां पिलें सोडलीं. दुकानदारानें एवढेंच सांगितलें होतें कीं, वेळेवर खाणें घाला म्हणजे झालें.

मीं महसूल खात्यांत तेहेतीस वर्षें कारकुनी केली. नोकरी परभणी जिल्ह्यांत धरली. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला तेव्हां कागदांच्या गठ्ठ्यांबरोबर मीही इकडे आलों, व अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालों. त्या संवयीनें टाकीशेजारीं एक वही ठेवली, आणि तींत तारीख, वेळ, पाण्याची उष्णता, घातलेलें खाद्य व पिलांची हालचाल लिहूं लागलों. घरांतील मंडळी हंसलीं. पुढें कामास आली ती हीच वही. तिसऱ्या दिवशीं एक पिलूं मेलें. पांचव्या दिवशीं दुसरें. सहाव्या दिवशीं सकाळीं एक व दुपारीं एक. पैसेवारी काढली असती तर वीस पैसे भरली असती! उरलेलें पांचवें सर्वांत लहान होतें. तें कोपऱ्यांत, पर अंगाशीं मिटून, तोंड वर करून भराभर श्वास घेत होतें. "आबा, हें पण मरणार का?" असें नातीनें विचारलें. पंचनाम्यांतील 'मृत्यूचें कारण' हा रकाना मीं आयुष्यांत अनेकदां भरला असेल. येथें काय लिहावें तें मला सुचेना.

वही पुन्हां वाचली. मेलेल्या चारही पिलांच्या अंगावर जखम नव्हती, ठिपका नव्हता. मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत तीं खात होतीं. उलट, ज्या दिवशीं खाद्य अधिक पडलें त्याच्या पाठोपाठ मरण आलें होतें. नात हौसेनें दिवसांतून पांच-सहा वेळां चिमूट टाकी, वर भाकरीचा चुरा. खाऊन उरलेलें सारें खड्यांच्या फटींत जाऊन कुजत होतें. वसमत येथें माझे एक शिक्षक स्नेही आहेत, त्यांच्याकडे चार वर्षांची जुनी टाकी आहे. त्यांस फोन केला. मासा कोणता, औषध काय दिलें, यांतलें कांहीं न विचारतां त्यांनीं पहिला प्रश्न केला, "टाकी केव्हां भरली?" सहा दिवसांपूर्वीं, असें सांगतांच ते म्हणाले, "अण्णा, मग मासा आजारी नाहीं. टाकी कच्ची आहे."

टाकी कच्ची म्हणजे काय, हें शेतकरी वर्गास समजण्यास कठीण नाहीं. आपण जमिनींत युरिया टाकतों तो पीक जसाच्या तसा खात नाहीं. मातींतील सूक्ष्म जंतु त्याचा आधीं अमोनिया करतात, मग दुसरे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, आणि तिसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात. पिकाच्या मुळांशीं बहुतांशीं तें नायट्रेट जातें. माशाच्या टाकींत हाच व्यवहार चालतो. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा व कुजलेलें खाद्य यांतूनही तोच निघतो. नदींत वा तलावांत तो अफाट पाण्यांत विरून जातो, आणि तळच्या गाळांतील जंतु त्याची वाट लावतात. नव्या टाकींत गाळ नाहीं, जंतु नाहींत, आणि पाणी सत्तरच लिटर. अमोनिया सांचत जातो व कल्ले भाजून काढतो. त्याच्या मागून येणारें नायट्राइट रक्तांत शिरून रक्तास प्राणवायु वाहूं देत नाहीं; अशा माशाचे कल्ले लाल न दिसतां तपकिरी दिसूं लागतात. शेवटचें नायट्रेट त्या मानानें सौम्य. तें पाणी बदलून काढतां येतें. हे जंतु टाकींत बिऱ्हाड करून नांदूं लागण्यास उबदार पाण्यांतही साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या मुदतीपूर्वीं सोडलेलें पिलूं म्हणजे वाफसा नसतां पेरलेलें बीं.

यांतच आपल्या भागाची एक विशेष अडचण आहे. अमोनिया पाण्यांत दोन रूपांत असतो. त्यांतलें एकच रूप फार विषारी. तें किती असेल हें पाण्याच्या सामूवर व उष्णतेवर अवलंबून असतें. पंचवीस अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकीं शेंकडा अर्ध्याच्या आसपास भाग विषारी. सामू ८ झाला कीं शेंकडा पांच. सामू ९ ला शेंकडा पस्तीसांहून अधिक. आपल्या काळ्या पाषाणांतील विहिरींचें पाणी जड. चहाच्या भांड्यास बसणारा पांढरा थर त्याची साक्ष देतो. माझ्या विहिरीच्या पाण्याचा सामू आठाच्या वर भरला. म्हणजे जेवढ्या घाणींत ॲमेझॉनच्या मऊ पाण्यांतील पिलूं कदाचित् निभावेल, तेवढीच घाण येथें त्याचा प्राण घेते. म्हणून सामू उतरविण्यासाठीं कोणी लिंबू पिळतात, कोणी चिंच टाकतात. तसें मुळींच करूं नये. दुकानांतील एंजल बहुतेक चेन्नईतील कोळत्तूर, कोलकात्याचा परिसर अशा ठिकाणीं पैदा झालेले असतात व मध्यम जड पाण्यास ते सरावतात. त्यांस मारतो तो सामूचा आंकडा नव्हे, त्या आंकड्याची एका दिवसांतील चढउतार, आणि अमोनिया.

उरलेल्या पिलासाठीं जें केलें तें असें. प्रथम खाणें बंद केलें, पुरा दीड दिवस. उपाशी पिलूं लगेच मरत नाहीं. पोट भरलेलें मात्र कच्च्या टाकींत मरतें. नातीस हें पटविणें सर्वांत अवघड गेलें. रंगीत खडे सारे काढून टाकले. लहान पिलाच्या टाकीचा तळ उघडा असलेलाच बरा, कारण घाण दिसते व नळीनें ओढून घेतां येते. आदल्या दिवशीं काढून पिंपांत रात्रभर हवा दिलेलें पाणी घेऊन, टाकींतील चौथा हिस्सा पाणी सकाळीं व चौथा हिस्सा संध्याकाळीं बदललें, असें चार दिवस. नवें पाणी जुन्याइतकेंच कोमट असावें म्हणून दोन्हींत उष्णतामापक बुडवून पाहत असें, आणि तें बारीक नळीनें, सलाईन चढवावें तसें, अर्धा तास लावून सोडीत असें. टाकीच्या तीन बाजूंस वर्तमानपत्र चिकटवून उजेड कमी केला. वसमतच्या स्नेह्यांनीं आपल्या टाकीच्या गाळणींतील जुन्या स्पंजाचा एक तुकडा ओल्या डब्यांत घालून एस. टी. नें येणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर पाठविला. तो काळा, बुळबुळीत, घाणेरडा तुकडा हेंच खरें औषध होतें. दह्यास विरजण असतें तसे त्या स्पंजांत ते जंतु होते. तो आमच्या गाळणींत बसविला. औषध म्हणून एकही थेंब टाकींत टाकला नाहीं. तिसऱ्या दिवशीं पिलाचे पर उघडले. पांचव्या दिवशीं त्यानें पहिला घांस घेतला, आणि त्या दिवशीं वहींत नातीनें स्वतःच्या हातानें 'जेवला' असें लिहिलें.

ज्यांस अजून मासा आणावयाचा आहे त्यांनीं हा सारा खटाटोप टाळावा. टाकी आधीं आणावी, मासा मागाहून. टाकी भरून, गाळणी व हवा चालू ठेवून, मासा नसतां तींत दर दोन-तीन दिवसांनीं चिमूटभर खाद्य टाकीत जावें. तें कुजून जो अमोनिया निघेल तो जंतूंचें अन्न होय. मोठ्या दुकानांत पाण्यांतील अमोनिया तपासण्याची थेंबांची बाटली मिळते. पाणी थेंबांनीं पिवळें राहिलें तर अमोनिया नाहीं, हिरवें झालें तर आहे. नायट्राइटची बाटली निराळी असते. दोन्ही आधीं चढून मग उतरून शून्यावर आलीं म्हणजे टाकी पिकली. जुन्या टाकींतील स्पंज मिळाला तर महिन्याचें काम थोड्या दिवसांत होतें. या बाटल्यांस लागणारे पैसे पुष्कळांस जड वाटतात. पण चार वेळां मासे आणून मारण्यापेक्षां त्या स्वस्त पडतात, असा माझा अनुभव आहे.

पाण्याविषयीं आणखी थोडें. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरिन असतो; तो माशाच्या कल्ल्यांस व टाकींतील जंतूंस दोघांसही घातक. असें पाणी उघड्या भांड्यांत हवा देऊन चोवीस तास ठेवावें. बोअरच्या पाण्यांत क्लोरिन नसतो, परंतु खोलवरच्या पाण्यांत प्राणवायु कमी असतो. त्यासही रात्रभर हवा द्यावीच. दुसरी गोष्ट, जी फार थोडे लोक ओळखतात: उन्हाळ्यांत टाकींतील पाणी आटतें, आणि मंडळी आटलें तेवढें वरून भरतात. पाणी आटलें तरी क्षार आटत नाहींत. नवीन पाण्याबरोबर नवे क्षार येतात, व सहा महिन्यांत टाकीचें पाणी मूळच्यापेक्षां कितीतरी जड होतें. कालव्याखालच्या जमिनी निचऱ्यावांचून कशा खारवटतात हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें अधिक सांगावयास नको. टाकीसही निचरा पाहिजे. दर आठवड्यास पांचवा ते चौथा हिस्सा पाणी तळाकडून काढून टाकावें व मग भरावें. काढलेलें पाणी तुळशीस, मिरचीच्या रोपांस घालावें. त्यांत नायट्रेट असतें, रोपें त्यानें हिरवीगार होतात.

आतां खाद्य. नाण्याएवढ्या पिलाचें पोट त्याच्या डोळ्याहून फारसें मोठें नसतें. त्यास दिवसांतून तीन-चार वेळां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. कोरडें खाद्य बोटांनीं चुरून द्यावें, नाहींतर पिलूं तें तोंडांत घेऊन थुंकतें. खंगलेल्या पिलास कोरडें खाद्य पुरत नाहीं; त्यास हलणारें भक्ष्य दिसलें पाहिजे. त्यासाठीं आर्टेमिया नांवाच्या खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म जीवाचीं अंडीं बाजारांत मिळतात. दिसावयास राजगिऱ्याच्या भुश्यासारखीं. एक लिटर पाण्यांत पंचवीस-तीस ग्रॅम खडे मीठ विरघळवून, चमच्याच्या टोकावर राहतील इतकीं अंडीं टाकून हवेची नळी सोडावी. पाणी सव्वीस ते अठ्ठावीस अंश असलें व उजेड मिळाला तर चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी रंगाचीं पिलें निघतात. हवा बंद केली कीं टरफलें वर तरंगतात, आणि पिलें खालीं उजेडाच्या बाजूस गोळा होतात. तीं नळीनें काढून, बारीक कापडांतून गाळून, गोड्या पाण्यानें धुऊन द्यावीं. टरफलें पोटांत गेलीं तर बाधतात. गोड्या पाण्यांत हे जीव कांहीं तासच जगतात, म्हणून जास्त टाकूं नयेत. अंड्यांस दमट हवा लागली कीं बियाण्याप्रमाणें त्यांचीही उगवणशक्ति जाते. डबा घट्ट झांकून थंड जागीं ठेवावा. माझा पहिला डबा मीं देवघराच्या खिडकींत ठेवला होता. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांत त्यांतून एकही पिलूं निघेनासें झालें.

डबक्यांतून डासांच्या अळ्या वा पाण्यांतील पिसवा गाळून आणण्याची युक्ति जुनी आहे, व मासे त्या आवडीनें खातात. परंतु डबक्याशेजारच्या कापसावर कोणी फवारणी केली असेल तर तें पाणी विष होय, आणि गाळलेल्यांत चतुराची अळी आली तर ती लहान पिलासच धरून खाते. खाद्यासाठीं अंगणांत मुद्दाम डास पोसणें तर डेंग्यूच्या दिवसांत शेजारधर्मास सोडून आहे. उकडलेल्या अंड्याचा बलक पिलांस देतात. तो पाणी इतक्या लवकर नासवतो कीं नवख्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

सोबतीची गोष्टही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एंजल दिसावयास गरीब, पण कुळाचा स्वभाव जात नाहीं. पिलांत थोरली-धाकटी ठरते, थोरलें धाकट्यास टोंचतें, खाण्यापासून हांकतें, व धाकटें कोपऱ्यांत राहून खंगतें. दोन किंवा तीन ठेवल्यास सारा मार एकावरच पडतो. ठेवावयाचीं तर सहा ठेवावीं, म्हणजे टोंचणें वांटलें जातें, नाहींतर एकच ठेवावें. मात्र सहा ठेवावयाचीं तर टाकी याहून बरीच मोठी हवी. मार खाल्लेलें पिलूं त्याच टाकींत जाळीच्या लहान पेटींत कांहीं दिवस ठेवलें तर पाणी तेंच राहतें व जीव वांचतो. फाटलेले पर पुन्हां वाढतात. सोनेरी मासा याच्याबरोबर ठेवूं नये, त्यास थंड पाणी लागतें. पट्ट्यांचा वाघ्या बार्ब तर याचे लांब पर कुरतडूनच टाकतो.

मराठवाड्याच्या हवेंत पिलास सर्वांत जाचतो तो उन्हाळा. सव्वीस ते अठ्ठावीस अंश त्यास मानवतात. पौष-माघांत रात्रीं पाणी त्याहून फार खालीं उतरतें, त्यास तापनळीचा उपाय आहे. सत्तर लिटरांस पाऊणशें ते शंभर वॉटची पुरते. परंतु वैशाखांत बाहेर बेचाळीस अंशांवर पारा गेला म्हणजे घरांतील टाकी तेहेतीसांवर जाते. पंचवीस अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. पस्तीस अंशांच्या पाण्यांत सातांहूनही कमी. इकडे पिलाची गरज वाढते, तिकडे साठा घटतो. बर्फाचे खडे टाकणें वाईट. पाणी एकदम उतरतें व पिलूं गारठतें. आपली हवा कोरडी आहे, तिचाच उपयोग करावा. टाकीचें कांचेचें झांकण काढून जाळी घालावी, पाण्याच्या पृष्ठावरून पंख्याचा वारा जाऊं द्यावा, आणि बाजूंस ओलें फडकें गुंडाळावें. रांजणांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें टाकी दोन-चार अंश उतरते. वीज गेली तर हवेचा पंप थांबतो. त्या वेळीं खाणें मुळींच देऊं नये, आणि अर्ध्या-अर्ध्या तासानें लोट्यानें टाकींतलेंच पाणी काढून वीतभर उंचीवरून धार धरावी. वैशाखांतील एका रात्रीं पांच तास मीं व नातीनें हें आळीपाळीनें केलें. अर्थात् अकरानंतर मीं एकट्यानेंच. दुसऱ्या दिवशीं तालुक्याच्या गांवीं जाऊन बॅटरीवर चालणारा लहान पंप घेऊन आलों.

रोगांपैकीं एकच सांगतों, कारण तोच वरचेवर येतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पडतात व पिलूं अंग घांसूं लागतें. हा परजीवी त्वचेखालीं असतांना त्यास औषध लागत नाहीं. तो पाण्यांत मोकळा पोहतो त्या अवस्थेंतच मरतो. पाणी दिवसाला एक-दोन अंश याप्रमाणें तीसापर्यंत चढविलें म्हणजे त्याचें जीवनचक्र लवकर फिरतें, म्हणून ठिपके गेल्यावरही औषध मध्येंच सोडूं नये. ऊब वाढविली कीं हवाही वाढवावी. नवा मासा आणल्यास तीन-चार आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवल्यावांचून जुन्या टाकींत सोडूंच नये.

माझी स्वतःची चूकही लिहून ठेवली पाहिजे. ज्येष्ठांत पाहुणे यावयाचे होते, म्हणून गाळणीचा काळा स्पंज मीं नळाखालीं धरून पांढराशुभ्र होईपर्यंत चोळून धुतला. दुसऱ्या दिवशीं टाकीचें पाणी दुधट झालें, आणि पिलूं पुन्हां माघांतल्यासारखें तोंड वर करून उभें राहिलें. महिनोन्महिने नांदलेलें जंतूंचें बिऱ्हाड मीं एका सकाळीं वाहून टाकलें होतें. पुन्हां उपास, पुन्हां रोजचें पाणी बदलणें. नऊ दिवसांनीं थेंबांचा रंग पिवळा झाला. स्पंज धुवावयाचा तो टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत, दोनदां पिळून, एवढाच.

शेततळ्याचा उल्लेख वर केला आहे. आमच्या शेजाऱ्यांनीं चैत्रांत नव्यानें प्लास्टिक अंथरलेलें तळें बोअरच्या पाण्यानें भरलें, व तिसऱ्या दिवशीं भर दुपारीं दोन हजार बोटुकली पिशव्या फोडून त्यांत ओतली. सकाळपर्यंत निम्मी मेली. बीज खराब निघालें असें ते म्हणत. बीज कसें होतें तें मला ठाऊक नाहीं. पण तें पाणी तीन दिवसांचें होतें, त्यांत माती नव्हती, जंतु नव्हते, शेवाळ नव्हतें, आणि पिशवींतल्या व तळ्यांतल्या पाण्याची उष्णता कोणीं मोजली नव्हती. पुढच्या खेपेस त्यांनीं तळें आधीं भरून, पाणी धारेनें उंचावरून सोडून, थोडें शेणखत देऊन पाणी हिरवट होईपर्यंत वाट पाहिली. पिशव्या सकाळच्या थंड वेळीं अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवल्या, थोडथोडें तळ्याचें पाणी पिशव्यांत घेतलें, आणि मग तोंड उघडलें. त्या वेळीं मेलेलीं त्यांनीं हातावर मोजलीं.

त्याच शेजाऱ्यांनीं मला सुचविलें कीं, कंटाळा आला तर हा मासा विहिरींत सोडून द्या, पुण्य लागेल. हें कोणींही करूं नये. टाक्यांत शेवाळ खाण्यासाठीं ठेवला जाणारा सकर मासा असाच कोणी कोणी सोडून दिला. आज तो कोलकात्याच्या पूर्वेकडील भेड्यांत माजला आहे, व उजनींतही मच्छीमारांच्या जाळ्यांत सांपडल्याचीं वृत्तें मराठी वर्तमानपत्रांत येऊन गेलीं आहेत. त्याचे कांटे जाळीं फाडतात आणि त्यास बाजारांत कोणी विचारीत नाहीं. एंजल आपल्या विहिरींत टिकेल वा न टिकेल. त्याच्या अंगावरचा रोग मात्र टिकूं शकतो. मासा नको झाला तर दुसऱ्या हौशी माणसास द्यावा, दुकानदारही पुष्कळदां परत घेतात.

या धंद्यांत पैसा आहे का, असें कित्येक तरुण विचारतात. केंद्र सरकारनें २०२० सालीं सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत घराच्या परसांत शोभिवंत माशांचें संगोपन करण्याचा प्रकार घातलेला आहे. त्यांत खर्चाच्या शेंकडा चाळीस, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांस शेंकडा साठ, असें साहाय्य ठरविलें गेलें. अर्ज करण्यापूर्वीं सध्याचे नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांत विचारून घ्यावेत. शिकावयाचें असल्यास मराठवाड्यांतच उदगीर येथें मत्स्यविज्ञानाचें महाविद्यालय आहे. माझें मत विचाराल तर, ज्यानें एक एंजल वर्षभर जगविला नाहीं त्यानें शंभर टाक्यांसाठीं कर्ज काढूं नये.

आमचें पिलूं आतां तळहाताएवढें झालें आहे. नर कीं मादी हें एंजलमध्यें बाहेरून ओळखतां येत नाहीं, म्हणून नातीनें त्याचें नांव 'बंडू' ठेवलें होतें. कार्तिक महिन्यांत एके सकाळीं पाहतों तों त्यानें तापनळीच्या कांचेवर मोत्यांच्या ओळींसारखीं दोन-अडीचशें अंडीं चिकटविलेलीं, आणि स्वतः बाजूस उभें राहून परांनीं वारा घालीत आहे. नर नसतांही मादी अशीं अंडीं घालते. तीं फळत नाहींत. दुसऱ्या दिवशीं तीं पांढरीं पडूं लागलीं व तिसऱ्या दिवशीं बुरशीनें भरलीं. बंडू एकेक वेंचून काढीत होता, म्हणजे होती. नात वहींत तारीख लिहून आतां नांव बदलावें कीं जोडीदार आणावा या विचारांत आहे, आणि निराळी टाकी मीं कालच भरून ठेवली आहे.